कयाकवर काय टिकतं?

मासेमारीचे बहुतेक कयाक पॉलिइथिलीनचे, म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्याच प्लास्टिकचे असतात. या मेणचट पृष्ठभागावर साधं इपॉक्सी किंवा सिलिकॉन धरत नाही. नखाने सोलून निघतं. म्हणून रॉड होल्डरचा भार स्क्रू किंवा रिव्हेटवरच द्यावा. सीलंटचं काम एवढंच, की भोकातून पाणी आत येऊ नये. त्यासाठी ब्यूटाइल टेप उत्तम: ती कडक होत नाही, पुढे सामान काढताही येतं. सिलिकॉन टाळाच; त्याचा थर मागे राहिला की तिथे दुसरं काही चिकटत नाही.

चिकटवणंच भाग असेल, तर जी-फ्लेक्स इपॉक्सी घ्या. जागा स्पिरिटने पुसा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच बर्नरची ज्योत वरून झरझर फिरवा. फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर आतून बसवताना गोंदात बुडबुडा राहू देऊ नका. हवेत ध्वनिलहरी अडतात आणि पडद्यावर तळ दिसत नाही.