नव्या गावची परसबाग आणि आपली प्रकृती

नोकरीतील बदली, लग्न किंवा निवृत्ती यामुळे माणसांना गाव बदलावे लागते. कोकणातून किंवा बेळगाव-चंदगडकडून पलूस भागात राहायला आलेली अनेक कुटुंबे माझ्या दवाखान्यात येतात. घर लागले की गृहिणीला आणि निवृत्त गृहस्थांना पहिली आठवण होते ती परसबागेची. ही हौस आरोग्याच्या दृष्टीने उत्तम आहे. परंतु पहिल्या उन्हाळ्यात पुष्कळदा रोपेही वाळतात आणि लावणाराही चक्कर येऊन आडवा होतो. दोन्हींचे कारण एकच. हवा बदललेली असते आणि सवयी मात्र जुन्याच असतात. रोपाला रुजायला जसे दिवस लागतात तसेच माणसाच्या शरीरालाही लागतात, एवढे लक्षात ठेवले तरी बराच त्रास टळेल.

आपल्या तालुक्याला अशा स्थलांतराचा अनुभव जुना आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावची थंड, पावसाळी हवा सोडून कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आले. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेली ही जागा म्हणजे निवडुंग माजलेले, साप-विंचवांचे, पाण्याची टंचाई असलेले रान होते. तेथेच किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला नाव दिले ‘कॅक्टस अँड रोझेस’, म्हणजे निवडुंग आणि गुलाब. आधी निवडुंग आणि मग गुलाब हा क्रम नव्या गावात बाग करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

घाम दिसत नाही म्हणून फसू नका

कोकणात हवा दमट असते. घाम अंगावरून निथळतो आणि तहानही जाणवते. आपल्याकडे मार्च ते मे या काळात वारा कोरडा असतो. घाम येताच उडून जातो, कपडे कोरडेच राहतात आणि अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही. मग डोके दुखते, लघवी पिवळी होते, पोटऱ्यांत गोळे येतात.

नव्या उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तासच काम करावे आणि रोज थोडे थोडे वाढवावे. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच खुरपे हाती घ्यावे. डोक्याला टोपी किंवा पदर हवा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. फार घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट घ्यावे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, विशेषतः लघवी होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटके बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

काळ्या मातीची रीत वेगळी

कोकणातल्या तांबड्या मातीतून पाणी झरझर निघून जाते. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. तिकडच्यासारखे रोज बादल्या ओतल्या तर मुळे कुजतात, चिखल होतो आणि डास वाढतात. म्हणून गादीवाफे करावेत आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. मातीवर पांढरी साय दिसली तर जमिनीत क्षार आहेत असे समजावे. अशा जागी घेवडा रुसतो, पालक बऱ्यापैकी तग धरतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावावे. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांना दसऱ्यानंतरची थंड हवा मानवते.

चार पथ्ये

पहिले, बागेसाठी भरून ठेवलेले पिंप झाकावे आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते.

दुसरे, शेणखत व माती यांत धनुर्वाताचे जंतू असतात. काटा किंवा खुरपे लागले तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि शेवटचे इंजेक्शन केव्हा घेतले ते सांगून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरे, पालापाचोळ्यात उघडा हात घालू नये. आपल्या उसाच्या पट्ट्यात घोणस, नाग, मण्यार आहेत. साप चावल्यास दोरी आवळणे, जखम कापणे, मंत्र-तंत्र यांत वेळ घालवू नये. तो भाग हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष हाच त्यावर उपाय आहे.

चौथे, आपला भाग द्राक्षांचा. द्राक्षबागेतून उरलेले फवारणीचे औषध परसातल्या पालेभाजीवर मुळीच मारू नये. ती भाजी दोन-चार दिवसांत पोटात जाते. औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत.

ताटातला फायदा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रत्येकाने फळे व भाज्या मिळून रोज किमान ४०० ग्रॅम खाव्यात. विकत घेऊन हे सर्वांना परवडत नाही. परसातला शेवगा आणि पालक मात्र हातभार लावतात. पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातील लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेतल्यास तो फायदा कमी होतो.

पहिल्या वर्षी दोन वाफे आणि चार झाडे एवढ्यावरच समाधान मानावे. ऊन कोणत्या भिंतीवर तापते, पाणी कोठे तुंबते, शेजारच्या आजी कोणती भाजी कोणत्या महिन्यात लावतात, हे वर्षभर पाहावे. पुढच्या वर्षी बाग आपोआप वाढेल आणि ती करणाराही धडधाकट राहील.