पोटावरचा वण आणि गर्भाशयावरचा वण

'पहिले सिझेरियन, म्हणजे दुसरेही सिझेरियनच', असे आपण सर्रास ऐकतो. या समजाला १९१६ सालचा आधार आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रॅगिन यांनी त्या वर्षी तसे लिहिले. मात्र त्यांचा हेतू, पहिले सिझेरियन विचार करून करा, हे सांगण्याचा होता. तेवढे आपण सोयीस्करपणे विसरलो!

त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या भागावर, उभा घेत. कळा येतात तेव्हा जोराने आकुंचन पावतो तो हाच जाड स्नायूंचा भाग. वण मात्र तंतुमय ऊतीचा असतो. तो आकुंचन पावत नाही, ताणला जातो आणि क्वचित फाटतो. गर्भाशयाचा खालचा भाग पातळ असतो व फारसा आकुंचन पावत नाही. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात तेथील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. अशा वणानंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केल्यास गर्भाशय फाटण्याचे प्रमाण साधारण दोनशेत एक असते. उभ्या छेदानंतर ते कितीतरी जास्त, म्हणून तेथे कळांची वाट पाहत नाहीत. फायब्रॉइडची गाठ काढताना स्नायूत खोल छेद गेला असेल, तरीही हीच काळजी घ्यावी लागते.

येथे एक गंमत आहे. पोटावरचा वण आडवा म्हणून आतलाही आडवा असेलच असे नाही. ते कळते शस्त्रक्रियेच्या कागदांवरून, आणि नेमके तेच आपल्या घरांत हरवतात.

दुसरा धोका वारेचा. गर्भाशयाचे अस्तर वारेला रुजू देते, पण प्रसूतीनंतर सुटूही देते. वणावर हे अस्तर विरळ किंवा नाहीसे झालेले असते. वार तेथे रुजली तर थेट स्नायूत शिरते आणि सुटत नाही. अमेरिकेतील सुमारे तीस हजार सिझेरियनांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. वार गर्भाशयाच्या तोंडावर असलेल्या स्त्रियांपैकी, आधी एक सिझेरियन झालेल्यांत शंभरात ११ जणींची वार अशी चिकटलेली आढळली. दोन झालेल्यांत ४०, तीन झालेल्यांत ६१.

दिवस भरताना गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त पुरवले जाते. चिकटलेली वार ओढून काढू पाहिली तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. अनेकदा गर्भाशयच काढावे लागते. म्हणून सोनोग्राफीत वार वणावर दिसली, तर रक्तपेढीची व अनुभवी शल्यचिकित्सकांची सोय असलेल्या रुग्णालयात आधीच नाव नोंदवावे, आणि जाताना जुने कागद सोबत न्यावेत.