पोकळ गिटार, पक्का क्रम

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास जितका कारखान्यांत घडला, तितकाच हौशी लोकांच्या हातांनी घडला. लेस पॉल या अमेरिकी वादकाने १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी, पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले. वाद्य वाजत होतं, पण दिसायला ओंडकाच. मग त्याने एक पोकळ गिटार चिरली आणि तिच्या दोन बाजू त्या ओंडक्याला डावी-उजवीकडून जोडल्या. ब्रायन मे या लंडनच्या शाळकरी मुलाने १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या, आणि अंगात मुद्दाम ठेवलेले पोकळ कप्पे. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या ‘क्वीन’मध्ये गायला, त्या बँडचं बहुतेक सगळं गिटारवादन या घरगुती गिटारवर झालं.

आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी गिब्सनची ‘सुपर ४००’ ही मोठी पोकळ गिटार मांडीवर आडवी घेतली, नट (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) उंच करून तारा फिंगरबोर्डपासून वर उचलल्या, सुराची जादा तार जोडली आणि तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड अनेक मराठी घरांत आजही असेल. थोडक्यात, तयार गिटारमध्ये हात घालणं हा काही नवा उपद्व्याप नाही.

आता तर तयार गिटार चिरायचीही गरज उरलेली नाही. किटच्या खोक्यात कच्च्या लाकडाचं अंग, फ्रेट बसवलेली नेक, खुंट्या, ब्रिज, टेलपीस, दोन पिकअप, आवाज आणि टोन फिरवायचे चार पॉट, एक स्विच आणि वायरी असं सगळं येतं. अवघड सुतारकाम झालेलं असतं. उरतं ते रंग, पॉलिश, वायरिंग आणि सुराची बसवणी. या कामांना फार तयार हात लागतो असं नाही. मात्र ती कुठल्या क्रमाने करायची हे आधी डोक्यात पक्कं हवं. भरीव गिटारला सहसा मागे झाकण असतं. चूक झाली तर चार स्क्रू काढून आत जाता येतं. पोकळ गिटारला बहुधा मागचं दार नसतं. आत जायची वाट म्हणजे पिकअपची चौकोनी भोकं आणि दोन एफ-होल, म्हणजे टॉपवरच्या एफ आकाराच्या फटी, एवढीच.

किती पोकळ?

किट मागवण्याआधी हा प्रश्न सोडवावा. गिब्सनची १९३६ची ‘ईएस-१५०’ पूर्ण पोकळ होती. चार्ली ख्रिश्चनने तीच घेऊन बेनी गुडमनच्या जॅझ बँडमध्ये गिटारला पहिल्या रांगेत आणलं. पण अँप्लिफायरचा आवाज वाढवला की पोकळ अंग त्या आवाजाने थरथरतं, तो थरथराट तारांत उतरतो, पिकअप तो पुन्हा अँपकडे पाठवतो आणि शेवटी नुसता हुंकार ऐकू येतो. १९४९ला आलेल्या ‘ईएस-१७५’चं अंग प्लायचं होतं. प्लाय स्वस्त पडतं आणि अखंड लाकडाइतकं थरथरत नाही. १९५८ला ‘ईएस-३३५’ आली. तिच्या पोटात मधोमध मॅपलचा ठोकळा आहे आणि दोन्ही बाजू पोकळ. हीच ‘सेमी-हॉलो’. लेस पॉलच्या ओंडक्याचीच ही देखणी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. तोच हुंकार दाबायला गिटारवादक बी. बी. किंग आपल्या गिटारच्या एफ-होलांत कापडाचे बोळे कोंबायचा. १९८०मध्ये गिब्सनने त्याच्या नावाचं ‘ल्युसिल’ मॉडेल काढलं, त्यात एफ-होलच ठेवले नाहीत.

घरात हलक्या आवाजात जॅझ किंवा जुनी हिंदी गाणी वाजवायची असतील तर पूर्ण पोकळ किट घ्यावं. ड्रमसोबत मंचावर उभं राहायचं असेल तर सेमी-हॉलो.

रंगाआधी जोडणी

खोकं उघडल्यावर रंगाची बाटली हातात घेण्याचा मोह आवरावा. आधी सगळी गिटार कोरडी, म्हणजे न रंगवता, न चिकटवता जोडून बघायची. नेक खाचेत बसवावी, ब्रिज आणि टेलपीस जागेवर ठेवावे आणि कडेच्या दोन तारांऐवजी दोरे ताणावेत. दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर हवेत. एक कडेला घसरत असेल तर नेक तिरकी बसली आहे. ही तक्रार आत्ता काचकागदाच्या दोन हातांत मिटते. पॉलिशनंतर तीच रडवते.

दुसरं माप ब्रिजचं. नट ते बारावा फ्रेट हे अंतर मोजा. बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत तितकंच, शिवाय जाड तारांसाठी दोन-तीन मिलिमीटर जास्त हवं. गिब्सन पद्धतीच्या पावणेपंचवीस इंची मापात हे निम्मं अंतर सुमारे ३१४ मिलिमीटर येतं. पूर्ण पोकळ गिटारचा ब्रिज बहुधा तारांच्या दाबावरच उभा असतो, सरकवता येतो. सेमी-हॉलोत त्याचे खांब ठोकळ्यात रुतवतात. तिथे भोकं पाडायची असतील तर मोजून, पुन्हा मोजून.

न दिसणारा डिंक

किटच्या टॉपवर जे सुंदर मॅपल दिसतं, ते बहुतेक वेळा प्लायवर चिकटवलेलं कागदासारखं पातळ विनिअर असतं. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे यंत्राने घासणं वर्ज्य. काचकागद हातानेच, लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवायचा. २२० नंबरने सुरुवात, ३२०ने शेवट. गोलाईच्या कडांवर दाब नको, विनिअर आधी तिथेच उडतं आणि खालचं प्लाय डोकावतं.

खरा शत्रू मात्र वेगळाच. कारखान्यात कडेची पांढरी पट्टी, म्हणजे बाइंडिंग, चिकटवताना डिंक ओघळलेला असतो. कोऱ्या लाकडावर तो दिसत नाही. पण त्याने लाकडाची तोंडं बंद केलेली असतात; तिथे रंग शिरत नाही आणि फिके चट्टे उठतात. म्हणून रंगाआधी सगळं अंग ओल्या फडक्याने पुसावं आणि दिवा तिरका धरून बघावं. जिथे लाकूड भिजून गडद झालं नाही, तिथे डिंक आहे. तेवढीच जागा ब्लेडने हलकेच खरवडायची. पाण्याने लाकडाचे रेषे उभे राहतात. वाळल्यावर ३२०चा एक हात फिरवला की ते बसतात, आणि पुढे पाण्यातला रंग लावला तरी तितकेसे उठत नाहीत.

आधी काळा, मग पिवळा

वुड स्टेन म्हणून जे मिळतं त्यात दोन जाती आहेत. एकात रंगाची बारीक पूड असते. ती लाकडाच्या छिद्रांत बसते आणि मॅपलसारख्या घट्ट लाकडावर गढूळ दिसते. दुसरा डाय. तो विरघळलेला असतो, आत शिरतो आणि पारदर्शक राहतो. मॅपलला डायच हवा.

लाटांच्या नक्षीचं मॅपल असेल तर सगळ्यात गमतीचा भाग इथेच आहे. या लाकडाचे रेषे सरळ न जाता वर-खाली वळतात. जिथे ते पृष्ठभागाशी येऊन तुटतात तिथे रंग जास्त पितात, जिथे आडवे पडतात तिथे कमी. म्हणून आधी पातळ काळा किंवा गडद तपकिरी डाय पूर्ण टॉपवर लावतात. टॉप कळकट दिसू लागतो. वाळला की ३२०ने हलकेच घासायचं. आडव्या रेषांवरचा काळा निघून जातो, तुटलेल्या टोकांतला आत राहतो, आणि मघाशी जेमतेम दिसणाऱ्या लाटा पट्ट्यापट्ट्यांनी उभ्या राहतात. आता वर पिवळा, अंबर किंवा लाल. गिटार हातात फिरवली की उजेडाबरोबर पट्टे जागा बदलतात. विनिअर पातळ असल्याने ही घासणी मोजक्याच हातांची. लाटा दिसल्या की थांबायचं.

सनबर्स्ट हवा असेल तर सगळीकडे पिवळा देऊन, तो ओला असतानाच कडेकडून तपकिरी आत ओढत न्यावा आणि दोन्हींची हद्द ओलसर फडक्याने पुसट करावी. मध्येच फोन घ्यायला उठलात तर हद्दीची रेघ कायमची राहते. गडद कडांचा एक छुपा फायदाही आहे. डिंकाचे चट्टे बाइंडिंगलगतच असतात, ते त्यात झाकले जातात. बाइंडिंगवर गेलेला रंग वाळल्यावर ब्लेड उभं धरून खरवडला की पांढरी पट्टी पुन्हा स्वच्छ होते.

कुठलीही छटा आधी पिकगार्डखाली किंवा पिकअपच्या चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी लावून बघावी. आणि लाल रंगाकडून टिकाऊपणाची फार अपेक्षा ठेवू नये. १९५०च्या दशकअखेरीच्या गिब्सन गिटारींवरचा लाल उन्हाने उडाला, सनबर्स्टचे नुसते मधाळ पिवळे झाले. संग्राहक आज त्यांनाच डोक्यावर घेतात.

लाख की लॅकर?

घरी सगळ्यात सोपं म्हणजे लाखेचं पॉलिश. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख चपड्याच्या पापुद्र्यांत मिळते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतार-तंबोऱ्यांना चकाकी येते ती अशाच हातपॉलिशने. इथेही क्रम आड येतो. डाय स्पिरिटमधला असेल तर स्पिरिटचा बोळा तो पुन्हा विरघळवून उचलतो आणि सनबर्स्ट लडबडतो. लाख लावायची असेल तर डाय पाण्यातला घ्यावा.

जास्त टणक थर हवा असेल तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. ते फवारावं लागतं, भयंकर पेट घेतं, आणि त्याच्या वाफा डोक्यात जातात. मोकळी हवा आणि मास्क हवेच. आसपास गॅस, उदबत्ती, पणती काही नको. जवसाच्या तेलाचं फिनिश निवडलं तर तेलकट फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी पसरून वाळवावीत.

हौशी लोकांत असंही मानतात की रंग जितका कमी, तितका आवाज मोकळा. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६८मध्ये आपापल्या एपिफोन ‘कसिनो’ गिटारींवरचा रंग काढून टाकला. ३० जानेवारी १९६९ला त्यांच्या बँडने गच्चीवर केलेल्या कार्यक्रमात लेननच्या हातात दिसते ती तीच उघड्या लाकडाची गिटार. पिकअप ऐकतो ते तारेचं कंपन, त्यामुळे रंगाने जमीन-अस्मानाचा फरक पडत नाही. पण जाड प्लास्टिकसारखा थर पोकळ अंगाला जड करतो, हे खरं.

एफ-होलमधून

पॉट, स्विच आणि जॅक आतून बाहेर यायला हवेत, आणि आत जायला आहेत फक्त एफ-होल आणि पिकअपची भोकं. म्हणून टॉपवर पुठ्ठा ठेवून भोकांच्या खुणा करून घ्या, तसा पुठ्ठा कापा, सगळे भाग त्यात बसवून बाहेरच वायरींना सोल्डरचा डाग द्या. जॅकमध्ये केबल घालून अँप लावा आणि पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारा. दोन्ही पिकअप आणि चारही पॉट बोलले पाहिजेत.

मग लेंग्यात नाडी ओवतात तसं. प्रत्येक भोकातून दोरा आत सोडून एफ-होलमधून बाहेर काढायचा आणि त्या-त्या पॉटच्या दांडीला बांधायचा. सगळ्यात लांबचा पॉट पहिला. दोरा ओढला की दांडी भोकातून वर येते. वॉशर आणि नट दोऱ्यावरूनच खाली सरकवायचे, नट पक्का होईपर्यंत दोरा सोडायचा नाही. सुटला तर पॉट पोटात लपतो. टेलपीसला जाणारी अर्थची वायर याच वेळी बसवावी. ती राहिली तर तारा अर्थविना राहतात, अँपमधून घूं सुरू होते आणि सगळा संसार पुन्हा बाहेर काढावा लागतो. हंबकर पिकअपची दोन वेटोळी एकमेकांची घरघर मारतात हे खरं, पण तारांना अर्थ लागतोच.

पैसा कुठे, वेळ कधी

किट घेतल्याने पैसे वाचतात हा भ्रम आहे. किटमधले पिकअप बहुधा चालून जातात. कमअस्सल असतात ते नट, खुंट्या, पॉट आणि स्विच. हाडाचा नट आणि बरे पॉट आधीच घ्यावेत. पॉट नंतर बदलायचे म्हणजे पुन्हा एफ-होल. फ्रेट समतल करणं जमत नसेल तर एखाद्या कारागिराला पैसे द्यावेत, त्यात कमीपणा नाही.

वेळेचं गणित हवेवर आहे. दमट हवेत स्पिरिट आणि लॅकर उडताना थर थंड पडतो, बाष्प धरतो आणि पांढरा होतो. पॉलिशवाले पावसाळ्यात हात आखडता घेतात ते यासाठीच. दिवाळी झाली की महाराष्ट्रात कोरडी हवा सुरू होते. तेव्हा किट मागवावं, कोरडी जोडणी आणि डिंकाची शोधाशोध मार्गशीर्षात, डाय आणि पॉलिश पौषात. लॅकर कडक व्हायला तीन-चार आठवडे बिनबोभाट द्यावेत, आणि वायरिंगचा पुठ्ठा त्याच आठवड्यांत करावा. शिमग्यापर्यंत तारा चढतील. घाई फक्त खोकं मागवण्याची. पुढचं प्रत्येक काम आधीचं पुरतं वाळल्यावर.