लॅपटॉपची स्मृतिवृद्धी : भिन्न गतीच्या रॅम मॉड्यूलांचा एकत्रित वापर

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दैनंदिन कामात लॅपटॉप हे आज अनिवार्य साधन झाले आहे. काही वर्षांच्या वापरानंतर तो संथ वाटू लागला, की नवा घेण्यापेक्षा त्याची रॅम वाढविणे हा अल्पखर्चाचा मार्ग ठरतो. परंतु जुन्या मॉड्यूलच्याच गतीचे नवे मॉड्यूल बाजारात मिळेल असे नाही. अशा वेळी भिन्न गतीची दोन मॉड्यूले एकत्र चालतील काय, आणि त्यासाठी जुने मॉड्यूल काढून टाकावे लागेल काय, असे दोन प्रश्न उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे विवेचन केले आहे.

गतीचा अर्थ :

डीडीआर४ प्रकारच्या मॉड्यूलवर २४००, २६६६, ३२०० असे अंक छापलेले असतात. व्यवहारात त्यांना मेगाहर्ट्झ म्हटले जाते; वस्तुतः ते एका सेकंदात होणाऱ्या हस्तांतरणांची संख्या दशलक्षांत दर्शवितात. प्रत्येक हस्तांतरणात ६४ बिट म्हणजे ८ बाइट माहिती वाहून नेली जाते. यावरून २४०० गतीच्या मॉड्यूलची कमाल वहनक्षमता सेकंदाला १९.२ गीगाबाइट, तर ३२०० गतीच्या मॉड्यूलची २५.६ गीगाबाइट येते.

एकत्रित गती कशी ठरते :

प्रत्येक मॉड्यूलवर एसपीडी नावाची लहानशी चिप असते. मॉड्यूल कोणत्या गतीने चालू शकते, याची नोंद तीत असते. लॅपटॉप सुरू होताना बायोस ही नोंद वाचतो आणि सर्व मॉड्यूलांना झेपेल अशी समान गती निश्चित करतो. एकाच जुवाला जुंपलेल्या बैलजोडीत चपळ बैलाला संथ बैलाच्या चालीने चालावे लागते, तसाच हा प्रकार आहे. यात कोणत्याही मॉड्यूलला अपाय होत नाही.

प्रोसेसरची स्वतःचीही मर्यादा असते. उदाहरणार्थ, २०१७ मध्ये आलेला इंटेल कोअर आय५-८२५०यू हा प्रोसेसर डीडीआर४ मेमरी कमाल २४०० गतीने हाताळतो. अशा लॅपटॉपमध्ये ३२०० गतीची दोन नवी मॉड्यूले बसविली, तरी ती २४०० नेच चालतील. म्हणजेच केवळ गतीसाठी जुने मॉड्यूल काढून टाकण्याचा खर्च येथे निरर्थक ठरतो.

शिवाय अधिक अंक म्हणजे त्याच प्रमाणात तत्पर प्रतिसाद, असेही नाही. सीएल१७ असलेल्या २४०० गतीच्या मॉड्यूलचा प्रतिसादविलंब सुमारे १४.२ नॅनोसेकंद, तर सीएल२२ असलेल्या ३२०० गतीच्या मॉड्यूलचा सुमारे १३.८ नॅनोसेकंद येतो. हा फरक नगण्य आहे.

गतीपेक्षा महत्त्वाचे घटक :

पहिला घटक एकूण क्षमतेचा. रॅम अपुरी पडली, की कार्यप्रणाली माहितीचा काही भाग डिस्कवर हलविते आणि डिस्क रॅमहून कितीतरी संथ असते. लॅपटॉप अडखळण्याचे हे एक प्रमुख कारण होय. दुसरा घटक दुहेरी वाहिनीचा. दोन वाहिन्यांवर प्रत्येकी एक मॉड्यूल असल्यास वहनक्षमता दुप्पट होते. २४०० गतीच्या दोन मॉड्यूलांची एकत्रित क्षमता ३८.४ गीगाबाइट होते. ३२०० गतीचे एकटे मॉड्यूल २५.६ वरच थांबते. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला याचा विशेष लाभ होतो. मॉड्यूले ४ व ८ गीगाबाइटची असल्यास अनेक लॅपटॉपांत दोहोंतील ४-४ गीगाबाइटचा भाग दुहेरी वाहिनीने व उरलेला ४ गीगाबाइटचा भाग एकेरीने चालतो.

मर्यादा व दक्षता :

गती भिन्न चालते. पिढी भिन्न चालत नाही. लॅपटॉपमधील डीडीआर३ मॉड्यूलला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ पिना असतात. त्यांची खाच व विद्युतदाबही वेगळा असतो. म्हणून एका पिढीचे मॉड्यूल दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असून रिकामा स्लॉट नसतो. त्यामुळे खरेदीपूर्वी रॅमची पिढी, रिकामे स्लॉट आणि लॅपटॉपची कमाल क्षमता उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेवरून पाहणे आवश्यक आहे. विंडोज १० व ११ मधील टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात चालू गती व वापरलेल्या स्लॉटांची संख्या दिसते.

भिन्न मॉड्यूलांची जोडी बहुतांशी सुरळीत चालते, तथापि क्वचित ती अस्थिर ठरते. म्हणून मॉड्यूल बसविल्यानंतर मेमटेस्ट८६ सारख्या प्रणालीने चाचणी घ्यावी आणि बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत पावती जपून ठेवावी.

निष्कर्ष :

भिन्न गतीची परंतु एकाच पिढीची मॉड्यूले एकत्र वापरणे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. वेगवान मॉड्यूल संथ मॉड्यूलच्या गतीने चालते, इतकेच. ही हानी अल्प असून वाढलेल्या क्षमतेचा व दुहेरी वाहिनीचा लाभ तिच्याहून मोठा आहे. मर्यादित खर्चात लॅपटॉपचे आयुष्य वाढवू इच्छिणाऱ्या अध्यापकाने म्हणून जुने मॉड्यूल ठेवून रिकामा स्लॉट भरणे अधिक श्रेयस्कर ठरते.