ओढ्याकांठच्या पायवाटेची दुरुस्ती : दुष्काळनिवारणाचें एक लहान पण अगत्याचें काम

दुष्काळग्रस्त गांवास धान्य पाठविणें हें साहाय्याचें पहिलें अंग होय, हें आमच्या उदार आश्रयदात्यांस सांगावयास नको. परंतु धान्याची गाडी जेथें थांबते तेथून आडवळणाच्या वाडीपर्यंतचें अंतर डोक्यावर ओझें घेऊन चालावें लागतें. आणि ती वाट पुष्कळदां ओढ्याच्या कांठानें जाते. ती खचली म्हणजे धान्य गांवांत असूनही वाडी उपाशी राहते, आणि पाण्याचा हंडा घेऊन चालणाऱ्या बायांचा जीव धोक्यांत पडतो. सबब हें काम कसें करावें, तें येथें थोडक्यांत निवेदन करितों.

अवर्षणाच्या मुलखांत पाण्यानें वाट वाहून जावी, हें प्रथमदर्शनीं विसंगत वाटेल. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यासारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशांत वर्षाचा पाऊस सरासरीनें वीस इंचांच्या आसपास. पण तो थोड्या दिवसांत व जोराच्या सरींनीं पडतो. दुष्काळांत गवत जळालेलें, झुडपें सरपणासाठीं तोडलेलीं, आणि गुरांच्या खुरांनीं कांठ भुसभुशीत झालेला असतो. अशा उघड्या जमिनीवरून पहिलें पाणी न मुरतां धांवत सुटतें. वळणावर प्रवाहाचा जोर बाहेरच्या कांठावर येतो, तळची माती निघून जाते, आणि वरची वाट अधांतरीं राहून एके दिवशीं कोसळते.

यावर केवळ वरून माती टाकणें व्यर्थ. ती पहिल्याच पुरांत जाते. प्रथम शक्य तेथें वाट दोन-चार हात आंत सरकवावी. मग कांठाच्या पायथ्याशीं घट्ट जमीन लागेपर्यंत खणून मोठे दगड बसवावे. दगडाची लांबी कांठाच्या आंत जावी, व भिंत मागें कललेली असावी. मागील पोकळींत दगडांचे लहान तुकडे भरावे, म्हणजे मुरलेलें पाणी निघून जाईल. वाटेवर काळी माती न घालतां मुरूम ठोकून बसवावा. चढाकडील बाजूस चर काढून त्याचें पाणी दगडी तोंडानें ओढ्यांत सोडावें. दगडकाम मृगाच्या आधीं पुरें व्हावें, आणि पाऊस सुरू होतांच निर्गुडीच्या फांद्या, वाळ्याचे ठोंब व करंजाचीं रोपें लावावीं. त्यांचीं मुळें माती धरून ठेवतात. एक पथ्य अवश्य पाळावें : दगड त्याच कांठाच्या पायथ्यांतून उचलूं नयेत, नाहीं तर एकीकडे बांधलें तें दुसरीकडे ढासळतें.

हें काम कोणीं करावें, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवर पुरुषाची मजुरी दिवसास एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा इतकी उतरविण्यांत आली, तेव्हां हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. उपाशी माणसास पोटभर अन्न न देतां राबविणें हें साहाय्य नव्हे, हाच त्यांतील धडा. १९७२-७३ च्या दुष्काळानंतर १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत काम मागणें हा हक्क ठरविला. दुसऱ्या बाजूस, २०१६ सालीं कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें श्रमदानानें जलसंधारणाचीं कामें करून दाखविलीं. दोहोंचा मेळ असा घालावा : ज्यांच्या घरीं चूल पेटते त्यांनीं श्रमदान करावें, ज्यांच्या घरीं पेटत नाहीं, त्यांस त्याच कामावर पुरी मजुरी रोजच्या रोज मिळावी.

तेव्हां व्यापारी मंडळींनीं पहारी, टिकाव, फावडीं व घमेलीं पुरवावीं, आणि काम चालेपर्यंत दुपारच्या भाकरीची तजवीज करावी. जमीनदार गृहस्थांनीं ओढ्याकांठची दोन-चार हात पट्टी वाटेसाठीं सोडावी, व आपल्या रानांतील दगड द्यावे. त्यांत त्यांचेंही हित आहे. कांठ न सांवरल्यास तीच जमीन ओढा बिनमोल घेऊन जातो. इतर दात्यांनीं मजुरीची रक्कम द्यावी. ढग भरून आल्यावर पोंचलेला पैसा या कामीं उपयोगीं पडत नाहीं. म्हणून आपलें साहाय्य वैशाख संपण्यापूर्वीं कमिटीकडे पोंचवावें, अशी नम्र विनंती आहे.