ऑक्सिजन मोजला, साखर राहिली

मे २०२० उजाडला तेव्हा वर्धा जिल्ह्यात कोरोनाचा एकही रुग्ण नव्हता. त्याच महिन्यात पहिला सापडला, तो आर्वी तालुक्यात. वर्ध्याहून आर्वीला जाताना वाटेत आंजी (मोठी) लागतं. इथं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. म्हणजे घरोघर जाऊन तब्येत विचारणं या गावाला नवं नाही. म्हणूनच त्या दोन वर्षांकडे इथून मागे वळून पाहावंसं वाटतं.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई दारात आल्या, ताप पाहिला, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि विचारलं, घरात कुणाला बीपी, शुगर आहे का? शुगर मोजली नाही, विचारली. ज्याची कधी तपासणीच झाली नाही, तो ‘नाही’ म्हणाला. यात आशाताईंचा काडीचाही दोष नाही. त्यांच्या पिशवीत ग्लुकोमीटर दिलाच नव्हता.

गंभीर रुग्ण पुढे सेवाग्रामच्या कस्तुरबा किंवा सावंगी (मेघे)च्या रुग्णालयात जात. आजार बळावला की शरीर स्वतःच साखर वाढवतं. कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनॅलिन ही संकटकाळची संप्रेरकं यकृतातली साखर रक्तात ओततात, आणि आतल्या दाहामुळे इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो. मधुमेह नसलेल्याचीही साखर त्यामुळे चढते. वुहानमधल्या दोन रुग्णालयांतल्या, आधी मधुमेहाचं निदान नसलेल्या ६०५ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. दाखल होताना उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असलेल्यांना २८ दिवसांत मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक होता. इशारा वेळेत आला होता, पण आपण सगळे सीटी स्कॅनचा स्कोर विचारण्यात गुंतलो होतो.

अतिदक्षता विभागात साखर किती ठेवावी, हा वाद त्याहून जुना. २००१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हन इथल्या अभ्यासात ती इन्सुलिनने ८० ते ११० मध्ये बांधून ठेवल्यावर मृत्यू घटले, आणि जगभर तोच कित्ता गिरवला गेला. २००९ मध्ये ६,००० हून अधिक रुग्णांच्या ‘नाइस-शुगर’ अभ्यासाने तो मोडला: घट्ट नियंत्रणात मृत्यू २७.५ टक्के, १८० च्या आत ठेवण्यावर समाधान मानलं तर २४.९. साखर फार खाली गेली तर तीही जीव घेते. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी १४० ते १८० हा मधला पट्टा मानला जातो. तो सांभाळायचा तर दर काही तासांनी बोट टोचून पाहावं लागतं. पीपीई किट घातलेल्या, तुडुंब वॉर्डातल्या परिचारिकेसाठी ते किती अवघड होतं, याची कल्पना करून पाहा.

त्यात स्टेरॉइड आलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात. स्वस्त, जुनं आणि खरोखर जीव वाचवणारं औषध. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. हे दुसरं वाक्य गावोगावी पोचलंच नाही. तापाच्या पहिल्याच दिवसांत गोळ्या सुरू झाल्या, साखर चढली, आणि ती पाहायला कुणी नव्हतं. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी याबद्दल जाहीर सावध केलं.

तोवर काळी बुरशी आली होती. म्युकरमायकोसिस. नाक, गाल, डोळा असं वर सरकत जाणारी. तेव्हाच्या १०१ रुग्णांच्या एका आढाव्यात ८२ भारतातले होते. एकूण रुग्णांपैकी ८० टक्क्यांना मधुमेह होता आणि तीन चतुर्थांशांहून अधिकांना स्टेरॉइड मिळालं होतं. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन मिळेना. तेव्हा आपल्या वर्ध्यातच जेनेटिक लाइफ सायन्सेसने मेअखेरीस ते बनवायला घेतलं. एरवी ७,००० रुपयांना मिळणारं १,२०० ला द्यायचं ठरलं. त्याचा जिल्ह्याला अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. तरीही राहून राहून वाटतं, इतक्या महागड्या इंजेक्शनापर्यंत वेळ येण्याआधी काही रुपयांची पट्टी रक्ताच्या थेंबाला लावता आली असती.

आणि साखरेचा प्रश्न साथीपुरता नाही. २०२३ च्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख.

कोरोनात तुम्हाला किंवा घरच्या कुणाला ‘शुगर वाढली होती, औषधाने वाढली असेल’ असं सांगून सोडलं असेल, आणि त्यानंतर तपासणी झाली नसेल, तर ती आता करून घ्या. आरोग्य केंद्रात जा, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर तपासायला सांगा. आणि पुढच्या साथीत आशाताई दारात आल्या, तर ऑक्सिमीटरसोबत ग्लुकोमीटरही मागा.