राखलेले आसन परस्पर बदलले, तर ग्राहकाचा हक्क काय?

पणजीचे दीनानाथ मंगेशकर कलामंदिर असो वा मडगावचे रवींद्र भवन, मैफलीचे तिकीट घेणारा रसिक आता केवळ प्रवेश विकत घेत नाही. तो संकेतस्थळावर सभागृहाचा नकाशा उघडतो, रिकाम्या जागांतून नेमके एक आसन निवडतो आणि त्या निवडीची किंमत मोजतो. समजा, तिसऱ्या रांगेतील तिकीट अडीच हजारांचे आणि सतराव्या रांगेतील आठशेचे आहे. गायक दोन्ही रांगांसाठी एकच गाणे गातो. किंमतीतील फरक हा सर्वस्वी आसनाचा असतो. त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ‘तांत्रिक कारणास्तव आपले आसन बदलण्यात आले आहे’ असा संदेश भ्रमणध्वनीवर आला, तर ती निव्वळ गैरसोय ठरत नाही. एक वस्तू विकून दुसरीच हाती ठेवण्याचा तो प्रकार आहे.

याची घरगुती आवृत्ती तर सर्वांच्या परिचयाची आहे. पुढच्या एक-दोन रांगा निमंत्रितांसाठी राखण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. निमंत्रित वाढले, की या राखीव रांगांची हद्द मागे सरकते आणि पैसे मोजून बसलेल्यास नम्रपणे उठवले जाते. पडदा वर जाण्याच्या बेतात असतो, शेजारी ओळखीचे असतात. उठणारा सहसा वाद घालत नाही. संदेश पाठवून केलेला बदल आणि हात जोडून केलेला बदल यांत कायदा मात्र भेद करत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील ‘सेवा’ या संज्ञेच्या व्याख्येत बँक, विमा, वाहतूक यांच्या बरोबरीने मनोरंजनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. करारानुसार जे देण्याचे मान्य केले, त्याच्या दर्जात, स्वरूपात वा पद्धतीत उणीव राहिली, तर ती ‘सेवेतील त्रुटी’ होय. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हेही त्रुटीतच मोडते. चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यांसाठी तिसरी रांग काढावी लागणार हे आयोजकास आधीच ठाऊक असूनही त्याने ती विकली असेल, तर हा भाग विशेष महत्त्वाचा ठरतो. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ नुसार झालेला करार बदलायचा वा त्याजागी नवा आणायचा, तर दोन्ही पक्षांची संमती लागते. एका पक्षाने पाठवलेला संदेश म्हणजे संमती नव्हे.

यावर तिकीटविक्रेत्याचे ठरलेले उत्तर असते: ‘आसनव्यवस्थेत बदल करण्याचा अधिकार आयोजक राखून ठेवत आहेत, ही अट आपण मान्य केली होती.’ बारीक अक्षरांतील ही अट वाचून बहुतेक ग्राहक माघार घेतात. तशी घाई करू नये. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गृहप्रकल्पाच्या खटल्यात, ग्राहकास स्वाक्षरी करण्यावाचून गत्यंतर नसलेल्या एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक मानण्यास नकार दिला आणि अशा अटी करारात घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे म्हटले. तो वाद सदनिकेचा होता, तरी त्यातील तत्त्व तिकिटाच्या अटींनाही लावून पाहता येते. २०१९ च्या कायद्याने तर ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र संज्ञाच निर्माण केली. वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणाऱ्या किंवा ग्राहकावर अवाजवी ओझे टाकून त्याला तोट्यात लोटणाऱ्या अटी तिच्या कक्षेत येतात.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो, कारण तक्रारी पुष्कळदा याच ठिकाणी अडखळतात. अनुचित करारातील अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगास व राष्ट्रीय आयोगास दिला आहे. जिल्हा आयोगास नाही. म्हणून जिल्हा आयोगाकडे जाताना ‘ही अट रद्द करा’ अशी मागणी करू नये. ‘ठरलेली सेवा दिली नाही, सबब पैसे व्याजासह परत द्या आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्या’ अशी मागणी करावी. अडीच हजारांच्या तिकिटासाठी तेवढे पुरेसे असते.

बदल प्रत्येक वेळी लबाडीचाच असतो असे नाही. अग्निशमन दलाने वाट मोकळी ठेवण्यास सांगितले, ध्वनियंत्रणा ऐनवेळी हलवावी लागली, आसन मोडलेले आढळले, अशी खरी कारणेही असतात. अशा वेळी आयोजकास दोषी धरणे कठीण जाईल आणि मनस्तापाची भरपाई बहुधा मिळणार नाही. परंतु दोष नसणे वेगळे आणि न दिलेल्या आसनाचे पैसे ठेवून घेणे वेगळे. कारण कितीही रास्त असले, तरी तिसऱ्या रांगेचा दर घेऊन सतराव्या रांगेत बसवण्याचा अधिकार त्यातून उत्पन्न होत नाही.

संदेश आल्यावर ग्राहकापुढे दोन वाटा असतात. पहिली, नवे आसन नाकारून पूर्ण रक्कम परत मागणे. पूर्ण रकमेत विक्रेत्याचे सुविधा शुल्क व त्यावरील करही आले. ते ‘परत न मिळणारे’ म्हणून कापले जातात, तेव्हा त्यास लेखी हरकत घ्यावी. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार, विक्री करणारे संकेतस्थळ स्वतः एकतर्फी रद्द केल्यास तसाच भार सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही रद्द करण्याचे शुल्क घेऊ शकत नाही. कबूल केल्यापेक्षा सेवा वेगळी निघाल्यास परतावा नाकारू नये, असे बंधनही याच नियमांत विक्रेत्यावर आहे.

दुसरी वाट म्हणजे हरकत नोंदवून कार्यक्रम ऐकणे. आवडत्या गायकाची मैफल सोडून घरी बसलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. ‘नवे आसन नाइलाजाने स्वीकारत आहे, दरातील फरक व भरपाईचा हक्क राखून ठेवत आहे’ एवढे वाक्य कार्यक्रमापूर्वी ई-मेलने पाठवले, तरी पुढे ते मोलाचे ठरते. उलट, संदेशातील ‘मान्य आहे’ हे बटण नकळत दाबले, तर तीच संमती म्हणून पुढे केली जाईल. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ना मनाई केली आहे. एक दाखवून दुसरे गळ्यात मारणे हा त्यांपैकीच एक.

‘आम्ही केवळ तिकिटे विकतो, आसने आयोजक ठरवतात’ आणि ‘पैसे संकेतस्थळाने घेतले, त्यांनाच विचारा’ या दोन उत्तरांच्या मध्ये ग्राहकाचा चेंडू होतो. त्यावर उपाय सोपा आहे: तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. जबाबदारी कोणाची किती, हे आयोग ठरवील.

काही दावे मुळातच दुबळे असतात. तिकिटावर आसनक्रमांक नसून केवळ ‘गोल्ड’ वा ‘सिल्व्हर’ असा वर्ग असेल, तर त्याच वर्गात जागा बदलल्याची तक्रार टिकणे अवघड. वर्ग खाली आणला असेल तर गोष्ट निराळी. विनामूल्य प्रवेशिकेवर आलेला रसिक या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही. मात्र मुलाने आईवडिलांसाठी तिकिटे काढली असतील, तर आईवडीलही ग्राहक ठरतात, कारण खरेदीदाराच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाऱ्याचा समावेश व्याख्येतच आहे.

पहिली तक्रार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. तरीही लहान रकमांचे परतावे पुष्कळदा येथेच सुटतात.

त्यापुढे उत्तर किंवा दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. कार्यक्रम मुंबईत वा पुण्यात झाला असला, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. गोव्याबाहेर मैफलींना जाणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय झाली. अशा वेळी प्रवास व निवासाचा खर्च मागता येतो, पण नवे आसन स्वीकारून कार्यक्रम पूर्ण ऐकला असेल तर तो मिळण्याची आशा फारशी धरू नये.

मूळ तिकीट, आसन निवडतानाच्या नकाशाचे चित्र, पैसे भरल्याची पावती, बदलाचा संदेश आणि नव्या आसनावरून रंगमंच कसा दिसतो याचे छायाचित्र, एवढे जपून ठेवावे. आसन बदलल्यानंतर संकेतस्थळावरील जुने तिकीट अनेकदा नाहीसे होऊन त्याजागी नवे दिसू लागते. म्हणून तिकीट हाती येताच त्याची प्रत वेगळी साठवणे इष्ट. तक्रार दाखल करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.